आपला पसारा, त्यांची घाण

आमच्या बेळगावकडच्या जैन घरांत 'बस्ती' म्हणजे जिनालय. "बस्तीला जाऊन येते गं," असं म्हणून आई सकाळी हातात तांदळाची डबी घेऊन निघायची. किल्ल्यातली कमल बस्ती तर तुम्ही पाहिलीच असेल. रट्ट राजांच्या काळातली, 1204 सालची. छताला कोरलेलं ते दगडी कमळ बघताना मान दुखून येते, तरी नजर खाली येत नाही.

माझी थोरली बहीण लग्न होऊन इंदूरला गेली. सासरी पहिल्याच आठवड्यात तिने सासूबाईंना विचारलं, "मी जरा बस्तीत जाऊन येऊ का?" सासूबाईंच्या हातातली परात खाली यायची राहिली. तिकडे बस्ती म्हणजे नाल्याकाठची, पत्र्याच्या घरांची वस्ती. चांगल्या घरची नवी सून सकाळी अंघोळ करून बस्तीत कशाला जाते? पुढे कळल्यावर खूप हसले म्हणे सगळे. अक्का अजून ही गोष्ट सांगते आणि आम्हीही अजून हसतो.

एवढ्यात मात्र मला त्या गोष्टीत सासूबाईंचं दचकणंच जास्त आठवायला लागलंय. त्यांनी ती वस्ती आतून कधी पाहिलेली नव्हती. शब्द कानावर पडला आणि परात डगमगली.

या विषयावर लिहायचं मनात बरेच दिवस होतं. टाळत होते, कारण लिहायला घेतलं की एक गोष्ट माझ्याही अंगाशी येणार हे माहीत होतं. ती सांगेन. पण आधी पुस्तकांबद्दल बोलते. बी.ए.ला मराठी घेतलेल्या बाईला पुस्तकांमागे लपायची सवय असते, ती एकदम जात नाही.

'बटाट्याची चाळ' आमच्या घरात तीन पिढ्यांनी वाचली. 1958 चं पुस्तक. पु. ल. आमच्या बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात काही काळ शिकवायला होते, त्यामुळे आमच्या वडिलांना ते पुस्तक म्हणजे घरचंच वाटायचं. चाळीत काय नाही? पाण्याची मारामार, जिन्यांची दुर्दशा, भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येणं, एकाच्या उपासात सगळ्यांनी नाक खुपसणं, भांडणं, उसनवारी. आज कुणी नव्या फ्लॅटमधला माणूस अशा इमारतीपुढून मोटारीतून गेला तर काच वर करील. पण पुस्तक वाचताना आपण काच वर करत नाही. आपण आत राहतो. त्रिलोकेकर ओरडला तरी तो आपला त्रिलोकेकर असतो. शेवटच्या 'एक चिंतन'मध्ये चाळ जाणार म्हणून गळा दाटून येतो. पडक्या इमारतीसाठी आपण डोळे पुसतो, कारण तिचा पसारा आपल्याला नावानिशी माहीत झालेला असतो.

आता 1963 साली आलेली जयवंत दळवींची 'चक्र' घ्या. मुंबईतली झोपडपट्टी, अम्मा, तिचा मुलगा बेन्वा, लुक्का. दळवी मोठे लेखक, त्यांनी ती वस्ती डोळ्यांनी पाहून लिहिली आणि तेव्हाच्या मराठी कादंबरीत तसं कुणी लिहीत नव्हतं, हे मान्य. पण मी कॉलेजात असताना ही कादंबरी वाचली तेव्हा माझ्या मनात काय राहिलं? वास. नुसता वास. भूक, वासना, चिखल, मारामाऱ्या. मिटल्यावर मी हात धुतले, खरंच सांगते. आणि माझ्या वहीत लिहिलं, 'वास्तववादी'. चाळीच्या पुस्तकाला मी 'विनोदी' लिहिलं होतं. चाळसुद्धा वास्तवच होती की! तिथेही माणसं दाटीवाटीने राहत होती. पण एका ठिकाणी लेखक आपल्याला आतल्या बाकावर बसवतो आणि दुसऱ्या ठिकाणी नाल्याच्या कठड्यावर उभं करून खाली बघायला लावतो. हा दोष दळवींचा किती आणि माझा किती, याबद्दल माझं मत बदलत आलंय. मागच्या वर्षी पुन्हा वाचली तेव्हा अम्मा मला वेगळी दिसली. तिला धड घर हवंय. मला तरी वयाच्या त्या टप्प्यावर दुसरं काय हवं होतं? पहिल्या वाचनात हे मला का दिसलं नाही? पान तेच होतं.

'चक्र'वर 1981 साली सिनेमा आला. स्मिता पाटीलला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण लोकांच्या तोंडी राहिलं काय, तर तिचा उघड्यावर अंघोळ करण्याचा प्रसंग. पोस्टरवरही तोच. आमच्याकडे तेव्हा बायका कुजबुजायच्या, "काय बाई, उघड्यावर!" बायांनो, अंघोळ तर आपणही रोजच करतो. आपल्याला भिंत आहे, तिला नाही, एवढाच फरक. या एका गोष्टीवर मी फार विचार केला. आपण ज्याला त्या वस्तीतली बेशिस्त म्हणतो, त्यातलं निम्मं आपल्या घरात रोज घडतं. दात घासणं, केस विंचरणं, पोराला धपाटा घालणं, नवऱ्याशी वाद, दारू पिऊन आलेल्या दिराला झोपवणं, ओले कपडे, खरकटी भांडी. आपलं ते दाराआड, त्यांचं रस्त्यावर. आपल्याकडे दार आहे म्हणून आपण नीटनेटके. शंभर रुपयांचा पडदासुद्धा माणसाला सभ्य करतो.

शब्दही बघा कसे वाटून दिलेत आपण. आपल्या घरात पसारा असतो, त्यांच्याकडे घाण. गणपतीत आपल्या गल्लीत गजबज असते, त्यांच्याकडे गोंगाट. आपली पोरं हुंदडतात, त्यांची उनाडक्या करतात. आपल्या कट्ट्यावर म्हातारे गप्पा मारत बसतात आणि त्यांच्या कट्ट्यावर रिकामटेकडे. मी स्वतः हे शब्द असेच वापरत आले. मुद्दाम नव्हे. जिभेवर तसेच येतात.

दळवींची 'चक्र' आली त्याच 1963 सालात बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' आलं. अभ्यासक्रमात ते आम्हाला नव्हतं, मी ते चाळिशीत वाचलं. शीर्षककथेतला तरुण नोकरीच्या गावी जातो, राहायला जागा हवी म्हणून जात लपवतो. जोवर कळलेलं नसतं तोवर त्याचं वागणं, बोलणं, कविता, सगळं चांगलं. कळलं त्या क्षणी मार. माणूस तोच, अंगावरचे कपडे तेच, एका माहितीने तो घाण झाला. वस्तीचं काय वेगळं असतं? रस्त्याचा फोटो दाखवला तर एक मत होतं, आणि हा रस्ता कुठला ते सांगितलं की दुसरं.

हे माझंच म्हणणं समजू नका. माझी भाची हैदराबादला समाजशास्त्र शिकवते. तिला मी ही बागुलांची गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, "मावशी, हे शिकागोत मोजून दाखवलंय." रॉबर्ट सॅम्पसन आणि स्टीफन रॉडेनबुश या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी 2004 साली ते छापलं. तिथे 1995 साली मोटारीतून हळूहळू फिरत रस्त्यांच्या दोन्ही बाजूंचं चित्रण केलं होतं. मग ते बघून कचरा किती, बाटल्या किती, भिंतींवर रेघोट्या किती, कोपऱ्यावर टोळकी किती, हे मोजलं. दुसरीकडे त्याच भागातल्या लोकांना विचारलं, तुमच्याकडे बेशिस्त किती वाटते? आता कचरा जितका, तितकी बेशिस्त वाटायला हवी ना? थोडी वाटलीही. पण लोकांच्या सांगण्यात त्याहून जास्त वजन पडलं ते तिथे काळे आणि गरीब लोक किती राहतात याचं. कचरा सारखाच, पण जिथे काळ्या माणसांची वस्ती जास्त तिथे तो जास्त दिसला. आणि असं नुसतं गोऱ्यांना दिसलं नाही, काळ्यांनाही तसंच दिसलं! हे ऐकून मी भाचीला दोनदा विचारलं, नक्की का? ती म्हणाली, नक्की. बदनामी ऐकून ऐकून माणूस स्वतःच्या अंगणाकडेही परक्याच्या डोळ्यांनी बघायला लागतो.

भाचीनेच सांगितलं की याच्या आधी, 1982 साली, विल्सन आणि केलिंग या दोघांचा एक लेख तिकडे फार गाजला होता. एक फुटकी खिडकी तशीच राहू दिली की बाकीच्या फुटतात, मग गुन्हे वाढतात, असा त्याचा सूर. ऐकायला किती पटतं! आमच्या सासूबाईही म्हणायच्या, एक भांडं मोरीत पडलं की दहा पडतात. पण भांडं कुणाचं आणि बघणारा कोण, हे त्यात विचारायचं राहून जातं.

आपल्या लोकांना हे शिकागोहून शिकायची खरं तर गरज नाही. 1897 साली पुण्यात प्लेगच्या वेळी रँडचे सोजीर घराघरांत शिरले. देवघरात, सैपाकघरात, बायकांच्या खोल्यांत. सामान रस्त्यावर फेकलं. पुढे चाफेकरांनी काय केलं ते शाळेत सगळ्यांनी वाचलंय. पण त्या सोजिरांना आपले पेठेतले वाडे कसे दिसत असतील, हे आपण वाचत नाही. ज्या घरात सोवळ्याशिवाय चुलीला हात लागत नव्हता, ते घर त्यांच्या लेखी रोगाचं घर होतं. आपण तेव्हा त्यांच्यासाठी नाल्यापलीकडचे होतो. बेळगावात कॅम्प वेगळा आणि गाव वेगळं, हे आमच्या आजोबांच्या पिढीने अंगाने जाणलेलं होतं. साहेबाचे रस्ते सरळ आणि झाडांचे, आपल्या गल्ल्या वाकड्या. गल्ली वाकडी म्हणजे माणूस वाकडा, हा त्याचा हिशेब होता. आता आपण तोच हिशेब मांडतो.

आणखी जवळचं सांगते. कॉलेजात असताना एकदा आमच्या गावाजवळ मुनिमहाराजांचा विहार होता. माझी एक मैत्रीण, चांगली, लाघवी, घरी येणारी-जाणारी, ती मला हळूच म्हणाली, "रागावू नको हं, पण ते अंघोळ करत नाहीत, दात घासत नाहीत, म्हणजे...?" आणि तिने नाक किंचित आक्रसलं. माझ्या कानांतून वाफा निघाल्या. अस्नान, अदंतधावन हे आमच्या साधूंच्या अठ्ठावीस मूलगुणांपैकी आहेत, देहाचा लाड संपवण्यासाठी आहेत, हे मी तिला तावातावाने सांगितलं. तिला जे गलिच्छ दिसलं ते आम्हाला तप दिसत होतं. तिचा काही दोष नव्हता, ती बाहेर उभी होती. पण त्या आक्रसलेल्या नाकाची आठवण मला अजून आहे. आणि तरीही तेच नाक मी पुढे शेकडो वेळा दुसऱ्यांसाठी आक्रसलं.

स्वाध्यायाला बसणाऱ्या भगिनींना उद्दायन राजाची गोष्ट सांगायला नको. निर्विचिकित्सा अंगाचं उदाहरण म्हणून आपण ती लहानपणापासून ऐकतो. मुनीच्या रोगट देहाची किळस न करता राजाने आपल्या हातांनी सगळं पुसून काढलं, वर चूक आपल्याच आहाराची झाली असेल म्हणाला. प्रवचनात ही गोष्ट आली की आपण डोळे मिटून माना डोलावतो. पण परीक्षा घ्यायला आलेला तो मुनीच्या रूपातला देव होता. भांडी घासायला आलेली बाई असती तर आपण तिला वेगळा कप दिला असता. दिला असता कशाला म्हणू? माझ्या घरात तो कप होता. दांडी मोडलेला, निळ्या फुलांचा, खिडकीत पालथा घातलेला.

मांसाहाराचा मुद्दा कुणीतरी काढणार, म्हणून मीच काढते. आमच्या इमारतीमागे नाला आहे, नाल्यापलीकडे वस्ती. रविवारी तिकडून मासळी तळल्याचा वास येतो. मला तो सहन होत नाही. पन्नास वर्षं पाणी गाळून प्यायलेलं, दिवस मावळायच्या आत जेवलेलं शरीर आहे हे, त्याला तो वास लागतोच, आणि लागत नाही असं मी कुणाला बरं वाटावं म्हणून म्हणणार नाही. पण मला वास सहन होत नाही, हे एक वाक्य झालं. ते लोक घाणेरडे आहेत, हे दुसरं. पहिल्या वाक्यावरून दुसऱ्यावर आपण इतक्या सहज उडी मारतो की मधे नाला आहे हेही ध्यानात राहत नाही. माझा नियम माझ्या ताटाचा आहे. त्यांच्या ताटावरून त्यांच्या अंगणाचा निकाल लावायचा अधिकार मला कुठल्या शास्त्राने दिला?

आता ती गोष्ट.

चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात नाला तुंबला. पाणी आमच्या इमारतीच्या आवारात शिरलं, गाड्यांच्या चाकांपर्यंत आलं. तळमजल्यावरच्या वैनींच्या घरात गुडघाभर पाणी. रात्रभर आम्ही सगळ्या बायका बादल्या घेऊन उभ्या. दुसऱ्या दिवशी आमच्या महिला मंडळाची बैठक बसली. सगळ्यांचं एकच म्हणणं, "पलीकडचे लोक कचरा टाकतात नाल्यात." अर्ज करायचं ठरलं. आणि अर्ज कुणी लिहायचा? जिचं मराठी चांगलं तिने. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी, खोटं कशाला बोलू, जरा फुलले.

अर्ज मी झोकात लिहिला. 'नाल्यापलीकडील वस्तीतील रहिवासी बेपर्वाईने कचरा टाकत असल्याने', 'आरोग्यास धोका', 'असामाजिक वावर', 'मोरीजवळील अनधिकृत गाड्यांमुळे होणारी अस्वच्छता'. हे शेवटचं वाक्य बैठकीत कुणी सुचवलेलं नव्हतं. अर्जाला वजन यावं म्हणून ते मी माझ्या मनाने घातलं. मोरीवर गाडा होता एकच, मिरची भजी आणि चहाचा. मी त्याचं अनेकवचन केलं. 'असामाजिक वावर' म्हणजे काय, हे मला कुणी तेव्हा विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. संध्याकाळी मोरीवर पाच-सहा पोरं बसलेली असायची. आमच्या इमारतीतली पोरंही फाटकापाशी मोटरसायकलींवर बसलेली असायचीच, पण तो वावर सामाजिक.

आठ-दहा दिवसांत गाडी आली आणि पहिल्यांदा तो गाडा उचलून घेऊन गेली. नाला साफ करायला माणसं आली ती त्यानंतर चार दिवसांनी.

गाडा होता आमच्याकडे अकरा वर्षं कामाला येणाऱ्या मावशींच्या जावेचा. मावशींनी त्या दिवशी भांडी घासली, ओटा पुसला, जाताना दारात थांबून एवढंच म्हणाल्या, "वैनी, गाडा न्हेला की ओ आमच्या जावंचा. कुनीतरी अर्ज घातलाय म्हनं." मी म्हणाले, "हो का? अरेरे." हे 'अरेरे' माझ्या आयुष्यातलं सगळ्यात घाणेरडं बोलणं असेल.

मग नाला साफ झाला. मी गॅलरीत उभी राहून बघत होते. माणसं छातीएवढ्या गाळात उतरली होती, हातात नुसती फावडी. पलीकडच्या बाजूने निघालं ते प्लॅस्टिक, चिंध्या, दारूच्या बाटल्या, कोंबडीची पिसं. निघालं, नव्हतं असं मी म्हणत नाही. आमच्या भिंतीच्या बाजूने निघालं ते थर्माकोलच्या ताटल्या, पिशव्यांत बांधलेलं निर्माल्य, लहान मुलांचे लंगोट, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं बायकांचं सामान. आणि सगळ्यात शेवटी, जिथे पाणी अडलं होतं त्या आमच्याच कोपऱ्यातल्या नळातून, पोतीच्या पोती फरश्यांचे तुकडे आणि सिमेंटचे गठ्ठे. माणसांनी ती पोती काठावर ओतली. अबोली रंगाच्या फरश्या, कडेला पांढरी वेल.

त्या मी ओळखल्या. न्हाणीघराच्या भिंतीला वीस वर्षं मी त्या पुसल्या होत्या. उन्हाळ्यात आम्ही न्हाणीघर नवं करून घेतलं. जुनं सामान लांब नेऊन टाकायचे म्हणून मिस्त्रीने आठशे रुपये वेगळे घेतले होते. लांब म्हणजे कुठे, हे मी विचारलं नव्हतं.

यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "आता बोलून काय होणार? पाणी तर उतरलं." मंडळात मी काही बोलले नाही. पुढच्या बैठकीत अर्जाबद्दल माझं अभिनंदन झालं, नारळ मिळाला. तो मी घेतला. मावशींना जावेसाठी म्हणून काही पैसे देऊ केले, तर त्यांनी ते उचल म्हणून धरले आणि सहा महिने पगारातून कापून घ्यायला लावले. हे सगळं मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. आमच्या इमारतीतल्या वैनीही हे पुस्तक वाचतील. वाचू देत.

या प्रसंगानंतर मी पुस्तकं पुन्हा काढली. दया पवारांचं 'बलुतं', 1978 चं. नागपाड्याजवळचा तो कावाखाना, एकेका जागेत पडदे लावून राहणारी बिऱ्हाडं. तिथल्या बायका रस्त्यांवरून कागद, चिंध्या, काच वेचून आणायच्या, घरी ते वेगळं करायच्या, विकायच्या. म्हणजे मुंबईचा पसारा आवरायच्या. मी पहिल्यांदा वाचताना फक्त चिंध्यांचा ढीग पाहिला होता, निवडणारे हात पाहिले नव्हते. मग मला आमची लाडकी चाळ आठवली. तिचे जिने कोण झाडत असेल? संडास कोण साफ करत असेल? संध्याकाळी ती माणसं कुठल्या घरी परत जात असतील? इतक्या वेळा ते पुस्तक वाचून हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. पु. लं.वर माझा राग नाही, अजून तितकीच हसते मी. फक्त आता हसताना मधेच कावाखाना आठवतो.

उर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये, ते 2003 सालचं, आई बांबूच्या टोपल्या विणते आणि घेणारे लोक त्यांच्यावर पाणी शिंपडून मग त्या आत घेतात. नवी कोरी टोपली. तिच्यावर धूळसुद्धा नसणार. पाणी कशावर मारायचे ते लोक? आणि तेंडुलकर. 1972 साली 'गोलपिठा'ची प्रस्तावना लिहिण्याआधी ते नामदेव ढसाळांबरोबर त्या भागात फिरून आले आणि कवितेतल्या कित्येक शब्दांचे अर्थ त्यांनी कवीलाच विचारून घेतले. एवढा मोठा नाटककार, मुंबईत आयुष्य काढलेला, पण 'हे मला माहीत नाही, तू सांग' असं म्हणाला आणि तसं छापलंही. मराठी समीक्षेत मला हे फार मोठं वाटतं. मी अर्ज लिहिण्याआधी मोरीपर्यंत चालत गेले असते, तर तीन मिनिटं लागली असती.

गेल्या वर्षी मावशींच्या नातीचं बारसं होतं. त्यांनी बोलावलं, मी गेले. अकरा अधिक तीन, चौदा वर्षांत पहिल्यांदा मी तो पूल ओलांडला. घर दोन खोल्यांचं. फळीवर भांडी उतरंडीने लावलेली, लखलखीत. मी शिरता शिरता बोलून गेले, "किती स्वच्छ हो तुमचं घर!" आणि जीभ चावली. कुठल्या मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला गेल्यावर मी असं म्हणते का? तिथे म्हणते, पडदे छान आहेत. स्वच्छ असणार हे तिथे धरूनच चालते. मावशी काही बोलल्या नाहीत. मग पेढा हातावर ठेवत म्हणाल्या, "आमच्याकडं बरं हाय वैनी. त्या खालच्या पुलाकडची मान्सं मातर लई घान बगा." मी हसले, त्याही हसल्या. आम्हा दोघींच्या हसण्याचं कारण एकच होतं की नाही, कोण जाणे.

जाऊबाईही होत्या. गाडा परत मिळाला नाही, आता घरूनच डबे करून देतात म्हणाल्या. त्यांनी मला चहा दिला. कप सगळ्यांचे सारखेच होते.

हात धुवायला मागच्या दारी गेले. तिथे चार फूट जागेत नीट उतार काढून मोरी बांधलेली होती. खाली आणि भिंतीला दोन हात उंच अबोली फरश्या बसवलेल्या. तुकडे तुकडेच, पण पांढऱ्या वेलीला वेल जुळवून लावलेले. मी तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिले. मावशी मागे टॉवेल घेऊन आल्या होत्या. अकरा वर्षं दर शनिवारी माझं न्हाणीघर त्यांनीच घासलं होतं.

"नाल्यात टाकल्या हुत्या कुनीतरी," त्या म्हणाल्या. "चांगल्या हुत्या की ओ."